मायलेकींचं बीजगणित

केलीनने पुन्हा एकदा सांगितलं की ती त्या वर्गात पाऊल ठेवणार नाही, तेव्हा तिची आई ग्लेना मोरीपाशी उभी राहून राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं घासत होती. बाप ड्यूई टेबलाशी बसून मक्याच्या पावाचे तुकडे वाडग्यात बुडवून खात होता. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता आणि नाव नोंदवायला तीन दिवस उरले होते.

"मग राहू दे नर्सिंग," ड्यूई म्हणाला. तो गिरणी बंद झाल्यापासून घरोघरी गॅस पोचवणारा टँकर चालवत होता, आणि जे जमत नाही ते सोडून द्यावं हे औषध त्याने स्वतःवरच अनेकदा वापरून पाहिलं होतं. "तुझ्या त्या पिझ्झाच्या दुकानात तुला मॅनेजर करतील की दोन वर्षांत."

"बाबा, मी नर्सिंग सोडते असं कधी म्हटलं? मी म्हटलं, त्या वर्गात एकटी बसणार नाही. तिथे बसलं की माझे हात गार पडतात. शप्पथ. पेन धरता येत नाही."

केलीन वीस वर्षांची होती. ड्यूईची आई शेवटचे चार महिने याच घरात पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तिची कूस बदलायची, तोंड पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून मलम लावायचं, हे सगळं शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या या पोरीने केलं होतं. आठवड्यातून दोनदा घरी येणारी नर्स म्हणाली होती, "हे हात शिकवून येत नाहीत गं. तू या कामात ये." ते वाक्य केलीनने जपून ठेवलं होतं. पण कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला अर्ज करायचा तर आधी प्राथमिक बीजगणितात निदान 'सी' श्रेणी मिळवावी लागे. वसंतातल्या सत्रात तिने आठव्या आठवड्यातच वर्ग सोडला होता. आता दुसरी खेप. दुसऱ्यांदाही गेलं की सरकारी मदत बंद, आणि मदतीशिवाय कॉलेज ही त्या घरात बोलायची गोष्टच नव्हती.

"मी येते तुझ्याबरोबर," ग्लेना पाठमोरीच म्हणाली.

"कुठे?"

"वर्गात. मीही नाव घालते. दोघी बसू."

ड्यूईला ठसकाच लागला. "तू? अगं, नोव्हेंबरात घड्याळ एक तास मागे करायचं की पुढे, हे तू मला दरवर्षी विचारतेस!"

केलीन हसली, ग्लेनाही हसली. त्या घरात ग्लेनाच्या आकडेमोडीवर हसायची पद्धतच होती आणि सगळ्यांत आधी हसायची ती ग्लेनाच. नववीत असताना तिला गणिताच्या वर्गातून काढून मागे पडलेल्या मुलींच्या तुकडीत बसवलं होतं. मास्तर रागावले वगैरे काही नव्हते, फक्त म्हणाले होते, "काही मुलींना याची गरज पडत नाही." डोळे घारे आहेत, उंची बेताची आहे, तसंच आपल्याला गणित येत नाही, असं तिने तीस वर्षं धरून ठेवलं होतं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात रोज साडेतीनशे पोरांना वाढत होती.

"खरंच येशील?" केलीनने विचारलं.

"मला काय होतंय? नापासच होईन ना? तुझ्या शेजारी बसून होईन."

त्यांच्या हॅनलिन गावात कॉलेजची शाखा कपड्यांच्या एका जुन्या दुकानात भरत असे. नदीकाठचं ते तीन मजली दुकान बंद पडून बारा वर्षं झाली होती. बीजगणिताचा वर्ग भरे तिथे पूर्वी लहान मुलांचे चपलाबूट मिळत. भिंती नव्या घातल्या होत्या, पण फरशीवर जुन्या मांडण्यांच्या जागी फिकट चौकोन तसेच राहिले होते. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी साडेचारला सव्वीस माणसं त्या चौकोनांवर खुर्च्या ओढून बसली. त्यात गिरणीतून निघालेले दोघेतिघे होते, बार्जवर, म्हणजे नदीतल्या मालवाहू बोटीवर काम केलेला लेस्टर नावाचा एक भला थोरला माणूस होता, आणि बाकी केलीनच्या वयाची पोरं.

शिकवायला मिस्टर हुदाक होते. सत्तरीचे, शेजारच्या गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले, कानात यंत्र, अंगात कोपरं झिजलेला स्वेटर. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते एका आडनावाशी थांबले.

"दोन पर्डी?"

"मी आई," ग्लेना म्हणाली, आणि वर्ग हसला.

हुदाक हसले नाहीत. "ठीक. मग थोरल्या पर्डी आणि धाकट्या पर्डी." शेवटपर्यंत ते तसंच म्हणत राहिले.

पहिले चार आठवडे त्या दोघींचे फार बरे गेले. केलीनने हे सगळं एकदा ऐकलेलं होतं, त्यामुळे तीच आईची मास्तरीण झाली. घरी परतताना गाडी आई चालवायची आणि पोरगी शेजारी बसून वही उघडायची.

"हे बघ, 'क्ष'ला घाबरायचं नाही. 'क्ष' म्हणजे जे माहीत नाही ते. एवढंच."

"मला बरंच काही माहीत नाही, राणी. सगळ्यालाच 'क्ष' म्हणू का?"

"आई! नीट ऐक. इकडून काढलंस तर तिकडूनही काढायचं. इकडे भागलंस, तिकडेही भागायचं."

"आणि उणे दोन गुणिले उणे तीन हे अधिक सहा कसं?"

"ते असतंच. उणे उणे अधिक. पाठ कर."

"पण का?"

"अगं, का काय? नियम आहे! 'का' विचारत बसलीस तर पेपर कधी सोडवशील?"

ग्लेनाने पाठ केलं. पण बटाटा उकडताना मध्येच काटा टोचून बघायची सवय असलेल्या बाईला ते कच्चंच लागत होतं. पुढच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर तिने हुदाकांनाच गाठलं आणि चोरी केल्यासारख्या आवाजात विचारलं. त्यांनी कोट काढून ठेवला आणि पुन्हा फळ्याकडे वळले. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. त्याखाली दोन गुणिले उणे दोन, उणे चार. त्याखाली एक गुणिले उणे दोन, उणे दोन. त्याखाली शून्य गुणिले उणे दोन, शून्य.

"उत्तर दर पायरीला किती बदलतंय?"

"दोनने वर येतंय."

"आता पुढची पायरी. उणे एक गुणिले उणे दोन. जिना मध्येच थांबेल का?"

ग्लेना फळ्याकडे बघत राहिली. "अधिक दोन," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "दुसरं काही येऊच शकत नाही."

"नाहीच येऊ शकत," हुदाक म्हणाले आणि कोट घातला.

केलीन बाहेर गाडीपाशी ताटकळत उभी होती. "इतका वेळ काय करत होतीस?" तिने विचारलं. ग्लेनाला सांगावंसं वाटलं, पण कसं सांगावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीचा तळ तिच्या पायाला लागला होता. ती म्हणाली, "पेन विसरले होते."

पहिल्या चाचणीत केलीनला एक्काहत्तर आणि ग्लेनाला चौसष्ट मिळाले. केलीनने रस्त्यात गाडी थांबवायला लावून आईला आइस्क्रीम खाऊ घातलं. "चौसष्ट काही वाईट नाहीत हं. मी पहिल्या वेळी पंचावन्नवर होते." त्या दिवशी पोरगी किती खूश होती, हे ग्लेनाला पुढे कितीदा तरी आठवत राहिलं.

दुसऱ्या चाचणीत ग्लेनाला ब्याऐंशी मिळाले. केलीनला सहासष्ट.

ग्लेनाने कागद घडी करून पिशवीत तळाला घातला. "किती?" केलीनने विचारलं. "बरे आहेत," ती म्हणाली. पण पुढच्या मंगळवारी हुदाकांनी, कुणाच्या मनात काय चाललंय याची कधीच कल्पना नसल्यामुळे, सरळ म्हटलं, "पाचवं उदाहरण वर्गात एकाच व्यक्तीचं पूर्ण बरोबर आहे. थोरल्या पर्डी, जरा फळ्यावर मांडता का?"

ग्लेना उठली. मार्कर हातात घेतला. पाठीमागे लेकीची नजर आहे, हे तिला मानेवर जाणवत होतं. तिने उदाहरण मांडलं, एकदाही न अडखळता. लेस्टरने मागून शीळ घातली. "वा, बाई! मलाही दत्तक घ्या की!" सगळे हसले. केलीनही हसली, पण खाली वहीत बघून.

परतताना ग्लेना गाडी चालवत होती. नदीवरच्या पुलापाशी आल्यावर केलीन म्हणाली, "ब्याऐंशी होते ना? मला का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

"मी तुला माझे सांगते."

यानंतर गोष्टी हळूहळू पालटल्या. केलीनची अडचण अशी होती की तिला येत नव्हतं असं नाही. स्वयंपाकघरात, टेबलाशी, दहापैकी आठ उदाहरणं ती बरोबर सोडवायची. पण घड्याळ लावलं की उणे चिन्हं तिच्या हातून सांडत. कंसाबाहेर उणे तीन असले आणि आत 'क्ष' उणे चार, तर ती उणे तीन 'क्ष' लिहून पुढे अधिक बाराऐवजी उणे बारा लिहायची. दर वेळी तिथेच पाय घसरायचा. ग्लेना शेजारून दात आवळून बघायची.

आणि ग्लेना? ग्लेनाला आवडायला लागलं होतं. हे ती कुणापाशी कबूल करत नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात भट्टीतले बटाट्याचे गोळे खरपूस व्हायला अठरा मिनिटं लागत. तेवढ्यात ती फळ्यावर लावलेला गेल्या आठवड्याच्या जेवणाच्या यादीचा कागद उलटा करून त्याच्यावर अवयव पाडत बसे. एक वर्गराशी सुटली की दुसरी घ्यावीशी वाटे. ड्यूईने एकदा पुस्तकात डोकं घातलेलं पाहून विचारलं, "अजून किती आहे गं अभ्यास?" "संपला," ती म्हणाली. "मग हे काय करतेयस?" ती तोवर पुढचं उदाहरण उतरवून घेत होती.

एका शनिवारी सकाळी दोघी टेबलाशी बसल्या होत्या. केलीन रडकुंडीला आली होती. ग्लेनाने मुद्दाम एक सोपं उदाहरण चुकवलं आणि वही लेकीकडे सरकवली. "हे बघ गं जरा, माझं कुठे तरी चुकतंय."

केलीनने वही बघितली. बराच वेळ बघितली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मुद्दाम चुकू नकोस."

"मुद्दाम कशाला..."

"तू चौथीतल्या पोरांना जिंकू देतात तसं करतेयस. मी आजीचं गू-मूत काढलंय या घरात. मला असं वागवू नकोस."

ती उठून खोलीत गेली. ग्लेनाने ते चुकवलेलं उदाहरण खोडलं आणि, हाताला राहवेना म्हणून, खाली बरोबर करून ठेवलं.

नोव्हेंबरात केलीनचे तास बुडायला लागले. कधी पिझ्झाच्या दुकानात जादा पाळी, कधी डोकं दुखतं. ग्लेना एकटी जायची, टिपणं आणायची, टेबलावर ठेवायची. टिपणं तिथेच पडून राहायची. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ड्यूईचा भाऊ जेवायला आला होता. टर्की कापता कापता तो म्हणाला, "काय, ऐकलं ते खरं का? म्हातारीने पोरीला मागे टाकलं म्हणे!" टेबलावर कुणीच हसलं नाही. केलीनने क्रॅनबेरीचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "हो, काका. आई हुशार निघाली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

भांडी आवरताना ग्लेना तिला म्हणाली, "अजून तीन आठवडे आहेत. शेवटच्या पेपरात बहात्तर मिळाले तरी तुला 'सी' मिळेल. सरांनी सांगितलंय."

"माहितेय."

"मी शिकवते. रोज एक तास बस माझ्याजवळ."

केलीनने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तू माझ्या सोबतीला यायचं म्हणाली होतीस. एवढंच म्हणाली होतीस तू." आवाजात राग नव्हता. राग असता तर ग्लेनाला उत्तर देता आलं असतं.

पण बसली मात्र ती. तीन आठवडे रोज एक तास. मास्तरीण आणि विद्यार्थिनीने जागा बदलल्या होत्या आणि दोघींनाही त्या जागा टोचत होत्या. तरी पोरीने नेटाने केलं. नदीवरच्या बोटीची उदाहरणं तिला अजिबात सुधरत नसत. प्रवाहाबरोबर वेग मिळवायचा, प्रवाहाविरुद्ध वजा करायचा. "आपल्या दारावरून बार्ज जातात," ग्लेना म्हणे, "खिडकीतून बघ. खाली जाताना कशी सरसर जाते, वर येताना कशी धापा टाकते." केलीन खिडकीतून बघे आणि मान डोलवे.

परीक्षा डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी होती. सव्वीसांतले अकरा उरले होते. हुदाकांनी एकच प्रश्नपत्रिका काढली होती. वेगवेगळे संच काढणं त्यांना अपमानास्पद वाटे. वीस प्रश्न, दोन तास. मायलेकी नेहमीच्या जागी, तिसऱ्या रांगेत, शेजारी शेजारी.

ग्लेनाचा पेपर तासाभरात जवळजवळ संपला. चौदावा प्रश्न बोटीचाच होता. एक बार्ज प्रवाहाबरोबर चोवीस मैल दोन तासांत जाते, तेच अंतर उलट यायला तिला तीन तास लागतात. प्रवाहाचा वेग किती? ग्लेनाने दोन समीकरणं मांडली. बारा, आठ. बोट दहा, प्रवाह दोन. सहा गुणांचं ते उदाहरण तिने सुबक अक्षरात मांडलं होतं. ओळीखाली ओळ, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. ते बघून तिला शिवणकाम नीट झाल्यासारखं समाधान वाटलं होतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेजारचं पेन थांबलंय. केलीनचे हात गार पडले की ती ते मांड्यांखाली घालून बसे. तशी ती बसली होती. पंधरा मिनिटं तशीच. तिचा चौदावा प्रश्न खोडाखोडीने काळा झाला होता. हुदाक खिडकीशी उभे राहून बाहेर नदीकडे बघत होते आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं होतं.

"आई," केलीन ओठ न हलवता म्हणाली. "चौदावा."

ग्लेनाचा कागद दोघींच्या मधोमध उघडा पडला होता. लेकीला दाखवायचं तर तिला काहीच करावं लागणार नव्हतं. कागद नुसता तसाच राहू द्यायचा होता.

तिने उजवा हात उचलला आणि कागदावर आडवा ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंत, उत्तर झाकेल असा. मग पान उलटलं.

तिला वाटलं होतं की केलीन काही तरी म्हणेल, लाथ मारेल, उसासा टाकेल. पण केलीनने मांड्यांखालून हात काढले, पेन उचललं आणि पुढच्या प्रश्नावर गेली. वेळ संपायच्या आधी वीस मिनिटं ती पेपर देऊन निघून गेली. ग्लेना बाहेर आली तेव्हा गाडीपाशी कुणी नव्हतं. नदीवरून बोचरा वारा येत होता. तिने पुलापर्यंत सावकाश गाडी चालवली, दोन्ही बाजूंना बघत. केलीन पुलाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेने चालत होती. ग्लेनाने गाडी थांबवली. केलीन दार उघडून आत बसली.

घरी जाईपर्यंत ग्लेना मनातल्या मनात म्हणत होती की कॉपी केली असती आणि पकडली गेली असती तर नर्सिंगचं दार कायमचं बंद झालं असतं, आपण तिला वाचवलं. हे खरंच होतं. पण हात कागदावर गेला तेव्हा यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. हे माझं आहे.

निकाल शुक्रवारी लागला. ग्लेनाला शेवटच्या पेपरात एक्क्याण्णव आणि एकूण 'बी'. केलीनला सदुसष्ट.

सदुसष्ट आणि सहा त्र्याहत्तर. ही बेरीज तिने केली नाही, ती आपोआप झाली. आणि एकदा झाल्यावर ती मिटेना.

सोमवारी स्वयंपाकघरातून लवकर सुटून ती हुदाकांना भेटायला गेली. ते रिकाम्या वर्गात पेपर खोक्यात भरत होते.

"सर, केलीनचा पेपर पुन्हा एकदा बघता येईल का?"

"बघितलाय," ते म्हणाले. "तीनदा बघितला. पासष्ट होते. एका ठिकाणी रीत बरोबर होती, तिथे एक दिला. दुसऱ्या ठिकाणी एक द्यायला नको होता, तोही दिला. आणखी शोधले, पण सापडले नाहीत."

"माझ्यातले घ्या. माझे वीस घेतले तरी मी पास होते."

बोलून गेल्यावर तिलाच ते किती वेड्यासारखं आहे ते कळलं. हुदाक खुर्चीवर बसले. त्यांनी डोळे चोळले.

"थोरल्या पर्डी, मी एक्केचाळीस वर्षं शिकवलं. माझ्या स्वतःच्या मुलाला माझ्याच वर्गात नापास केलंय मी. तो आता बोलत नाही माझ्याशी, पण त्याची कारणं वेगळी आहेत असं माझी बायको म्हणायची." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "तुम्ही पुढचा वर्ग घ्या. जानेवारीत आहे. तुम्ही घ्यायलाच हवा."

"मला पुढचं नको होतं, सर. मी फक्त तिच्या सोबतीला आले होते."

"हो," ते म्हणाले. "पण आता तुम्हाला येतंय. ते मला परत घेता येत नाही."

केलीनने नाताळ घरी नीट पार पाडला. झाडाखाली आईसाठी लोकरीचे हातमोजे ठेवले, बापासाठी थर्मास. दुसऱ्या दिवशी सांगितलं की ती कोलंबस शहरात चाललीय. पिझ्झाच्या दुकानातली एक मैत्रीण तिथे मालाच्या गोदामात लागली होती, तिच्याकडे अर्धी खोली होती. ड्यूईने खूप समजावलं. आपल्याला बोलायचा हक्क उरलाय असं ग्लेनाला वाटत नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी केलीनने हप्त्यावर घेतलेल्या जुन्या गाडीत खोकी भरली. आजीच्या उशाशी असायचा तो छोटा दिवाही तिने मागून घेतला. ड्यूई टायरांत हवा आहे का ते तिसऱ्यांदा बघत होता. मायलेकी पायऱ्यांवर उभ्या राहिल्या.

"आई, एक सांगू? मी चिडलेली नाहीये."

"चीड ना. चिडलीस तर बरं वाटेल मला."

"नाही. तू केलंस ते बरोबर होतं. पकडलं असतं तर मीच मेले असते." केलीन जाकिटाची चेन खालीवर करत होती. "फक्त एवढंच आहे की मी असते ना तुझ्या जागी, तर मी दाखवला असता. काहीही झालं असतं तरी. विचारसुद्धा केला नसता."

केलीनने तिला मिठी मारली, आजीला उचलून बसवताना मारायची तशी, पाठीला आधार देऊन, आणि गाडीत जाऊन बसली.

त्या संध्याकाळी जेवताना ग्लेनाने ड्यूईला चौदाव्या प्रश्नाचं सगळं सांगितलं. त्याने काटा खाली ठेवून ऐकलं. "बरोबर केलंस," तो म्हणाला. मग उठला आणि टीव्हीचा आवाज वाढवून बाहेरच्या खोलीत बसला. पुन्हा त्या विषयावर तो कधी बोलला नाही. पण तेव्हापासून कुणी ग्लेनाच्या आकडेमोडीची थट्टा करायला लागलं की तो हसायचा नाही, आणि त्याचं ते न हसणं तिला थट्टेपेक्षा जड जाई.

केलीन दर दोनतीन आठवड्यांनी फोन करायची, बहुधा दुपारच्या सुट्टीत. गोदामात तिच्या मनगटाला एक यंत्र बांधलेलं असे. किती सेकंदांत कुठली वस्तू उचलायची ते यंत्र सांगे. "घड्याळच आहे ते, आई. दिवसभर घड्याळ," ती एकदा म्हणाली आणि हसली. पाठ दुखते म्हणाली. कोलंबसच्या कॉलेजात चौकशी केलीस का, असं ग्लेनाने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा केलीन म्हणाली, "नको ना विचारूस." मग तिने विचारणं सोडलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी फोन वाजला तेव्हा ग्लेना गाडीतच बसलेली होती. बाहेर बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. केलीनने बापाची चौकशी केली, आपल्याला आता सकाळची पाळी मिळणार असं सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "तू जातेस का गं अजून? कॉलेजात?"

काचेवरून पाणी ओघळत होतं. पलीकडे त्या जुन्या दुकानाच्या दारातून लेस्टर डोक्यावर पिशवी धरून आत पळत होता. पुढचा वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. शेजारच्या सीटवर नवं पुस्तक होतं, त्याच्या पहिल्या सत्तर पानांतलं प्रत्येक उदाहरण तिने सोडवलं होतं.

"नाही गं," ग्लेना म्हणाली. "माझं काय काम आता तिथे?"

"असं का? जायला हवं होतंस." केलीनच्या आवाजात काय होतं, सुटका की वाईट वाटणं, ते तिला ओळखता आलं नाही. "बरं, ठेवते. शिट्टी झाली."

ग्लेनाने फोन ठेवला. पुन्हा फोन लावून खरं सांगावं असं तिच्या मनात आलं, पण लेकीची सुट्टी संपली होती. मग तिने पुस्तक कोटाच्या आत घातलं, भिजू नये म्हणून, आणि दार उघडून पावसात उतरली.